एक डोळा काठीवर, एक डोळा रेघेवर



मागच्या एका शनिवारी मी एका मुलाला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालो. रविवारभर ते मला खुपत राहिलं. का, ते सांगतो.

चिखली तालुक्यातलं आमचं गाव. सकाळची शाळा सुटल्यावर सहावी विरुद्ध सातवी असा क्रिकेटचा सामना होता. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा, यष्ट्या म्हणजे बाभळीच्या तीन काठ्या आणि क्रीज म्हणजे फावड्याने ओढलेली रेघ. पंच अर्थातच मी! सातवीला जिंकायला चार धावा हव्या होत्या, आणि शेवटचीच जोडी खेळत होती. एक मुलगा दुसऱ्या धावेसाठी जीव खाऊन पळाला. तिकडून चेंडू आला, काठी आडवी झाली. मी बोट वर केलं.

"सर, टेकली होती नं माही बॅट! तुमी पाह्यलंच नाही!"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. उगाच खोटं बोलू नको."

तो काही बोलला नाही. बॅट तिथेच टाकून घरी निघून गेला.

आता खरं सांगायचं, तर मी काय पाहिलं होतं? काठी पडताना पाहिली होती, अगदी स्वच्छ. पण काठी पडली त्याच क्षणी बॅट कुठे होती? मी पुष्कळ आठवून पाहिलं. काठीचं चित्र डोळ्यांसमोर येई, बॅटचं येईना. मग मी बोट कशाच्या जोरावर वर केलं होतं?

हा घोळ माझ्यासारख्या हौशी पंचाचाच होतो असं समजू नका हं. १४ नोव्हेंबर १९९२ ला, म्हणजे बालदिनीच, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला भारताचा कसोटी सामना चालू होता. आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर तेव्हा १९ वर्षांचा होता. तो ११ धावांवर असताना धाव घ्यायला निघाला आणि परत फिरला. जाँटी ऱ्होड्सने चेंडू अडवून फेकला. सचिन आत की बाहेर? मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांनी आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. त्यांनी हातांनी हवेत चौकोन काढला आणि निर्णय टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचांकडे, कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. सचिन बाद ठरला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन!

मिचलींनी त्या दिवशी जे केलं, ते मला शनिवारी सुचायला हवं होतं.

अडचण अशी आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, तेवढीच आपल्याला एका वेळी अगदी बारकाईने दिसते. बाकीचं सगळं धूसर. यष्ट्या आणि क्रीज यांच्यामध्ये अंतर चार फुटांचं. म्हणजे पंचाने नजर काठीवर ठेवली तर बॅट धूसर, बॅटवर ठेवली तर काठी धूसर.

तुम्ही म्हणाल, "मग नजर पटकन फिरवायची, त्यात काय!" तिथेच तर दुसरी गंमत आहे. त्याच १९९२ साली कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जेन रेमंड, किम्रॉन शपीरो आणि कॅरन आर्नेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकाच जागी इंग्रजी अक्षरं झरझर दाखवायची, सेकंदाला अकरा. सगळी काळी, एकच पांढरं. ते पांढरं अक्षर कोणतं, ते ओळखायचं आणि त्यानंतर एक्स हे अक्षर येऊन गेलं का, तेही सांगायचं. पांढरं अक्षर लोकांना ओळखता आलं. पण त्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत आलेलं एक्स पुष्कळदा निसटलं. नजर तर हललीच नव्हती! पांढऱ्या अक्षराकडे लक्ष देऊ नका असं सांगितलं, की तेच एक्स नीट दिसायचं. म्हणजे डोळे उघडे होते, लक्ष मात्र पहिल्या अक्षरातच गुंतलं होतं. जणू लक्षाचीच पापणी लवली.

हे घरी करून पाहा. एका वहीच्या उजव्या हाताच्या वीस पानांवर, बाहेरच्या कोपऱ्यात एकेक अक्षर लिहा. फक्त आठव्या आणि अकराव्या पानावर अक्षराऐवजी वेगवेगळे आकडे लिहा. आता दुसऱ्या कुणासमोर अंगठ्याने पानं सोडा, साधारण दोन सेकंदांत सगळी. "दोन आकडे कोणते?" असं विचारा. मग दुसऱ्या वहीत दुसरा आकडा सतराव्या पानावर टाकून पाहा. आमच्या वर्गात पहिल्या वहीला बरेच जण फसले, दुसऱ्या वहीला कमी. (आई-बाबांनाही बसवा. मोठी माणसं फसली की जास्त मजा येते.)

क्रिकेटच्या पंचाचं तर रोजच असं होतं. गोलंदाजाचा पाय रेघेच्या पुढे पडला का, हे खाली पाहायचं आणि लगेच मान वर करून चेंडू पाहायचा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही! म्हणून तर २०२० च्या महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाय पाहण्याचं काम तिसऱ्या पंचाकडे दिलं गेलं.

आणि कॅमेरा? त्यालाही मर्यादा आहेच. १९९२ च्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं असत. सेकंदाला सहा मीटर धावणारा मुलगा दोन चित्रांच्या मध्ये २४ सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे जवळजवळ एक वीत. करून पाहा गणित.

सोमवारी मी वर्गात गेलो आणि त्या मुलाला म्हणालो, "बाळा, तू खोटं बोललास असं म्हणायला नको होतं. बॅट मी पाहिलीच नव्हती."

तो खाली मान घालून वहीचे कोपरे मुडपत होता. मग हळूच म्हणाला, "मंग सर, मी आऊट का नॉटआऊट?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण शंका असली की फायदा फलंदाजाला, असा नियम आहे."

"मंजे आपण जिंकलो!" मागून सातवीचा एक जण ओरडला. सहावीपर्यंत ते ऐकू गेलं, आणि मधल्या सुट्टीत जे व्हायचं ते झालंच. शेवटी सामना पुन्हा खेळायचा ठरला. या वेळी प्रत्येक टोकाला दोन पंच ठेवले. एकाने फक्त काठीकडे पाहायचं आणि ती पडताक्षणी "हां!" असं ओरडायचं. दुसऱ्याने नजर रेघेवर ठेवायची आणि ते ओरडणं कानांनी ऐकायचं.

पहिल्याच धावचीतला काठीवाला पंच "हां!" म्हणायला विसरला.