हात कापतात, ते का?

तुळजापूर तालुक्यातल्या बैठकीत एक आशाताई म्हणाली, "ताई, मोठं माणूस काय दुखतंय ते सांगतं. तान्हं नुसतं रडतं, म्हातारी गप्प पडून राहते. हात लावायलाच भ्या वाटतं."

भीती खोटी नाही. या दोन्ही वयांत आजार हळू आवाजात बोलतो. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येण्याऐवजी अंग गारही पडते. ते ओढून पीत नाही. म्हातारीला न्यूमोनिया झाला तरी कधी ताप नसतो. ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते, जेवण सोडते. आपण म्हणतो, "वय झालं."

अशा बाईला "आत्मविश्वास बाळगा" असे भाषण देऊन काय होणार? गडचिरोलीत राणी व अभय बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांतल्या कामात गावातल्याच बायकांच्या हाती घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा दिला आणि पुन्हा पुन्हा सराव करून घेतला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आपल्या जिल्ह्यातही अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने कमी शिकलेल्या बायका 'भारतवैद्य' म्हणून उभ्या केल्या. म्हणजे उणीव बाईत नव्हती, तिच्या हाती काही न देणाऱ्या व्यवस्थेत होती.

२०११ पासून आशा बाळ-बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात भेटी देते. त्यासाठी २५० रुपये ठरले. तुटपुंजे का होईना, ते काम आहे हे मान्य झाले. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस दर दोन तासांनी बदलणाऱ्या सुनेचे मात्र 'कर्तव्य'च! तिला कुणी शिकवत नाही. पाठीला जखम झाली की बोल तिलाच.

मला वाटते, विश्वास तीन गोष्टींनी येतो: हाताला सराव, अडल्यावर विचारायला माणूस, आणि चुकले तर एकटीवर खापर न फुटणे. आशाने पाठवलेल्या रुग्णाला काय निघाले, हे दवाखान्याने तिला सांगितलेच पाहिजे. त्यातूनच ती पुढच्या वेळी शिकते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला घड्याळ आणा. निजलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. तेवढेच आले तर लगेच दवाखाना. आणि सुनांसोबत मुलांनाही बोलवा. म्हातारीची कूस बदलायला त्यांचेही हात चालतात.