नाव पुसले, नोंद उरली : जपानचे बुराकुमिन आणि कुटुंबनोंदवही

१.
१२ ऑक्टोबर १८७१. जपानच्या मेइजी सरकारने एक छोटेसे फर्मान काढले. आशय असा, की ‘एता’ व ‘हिनिन’ ही नावे यापुढे रद्द समजावीत आणि या लोकांचा दर्जा व व्यवसाय सर्वसामान्य प्रजेसारखाच धरावा. इतिहासात हे ‘मुक्तीचे फर्मान’ म्हणून ओळखले जाते. बऱ्याच ठिकाणी ही कथा इथेच संपवली जाते. माझ्या मते खरी कथा इथून सुरू होते. कारण त्याच वर्षी काही महिने आधी याच सरकारने आणखी एक कायदा केला होता आणि त्या कायद्याने या फर्मानाचे बरेचसे मोल हिरावून घेतले. आजचा धागा त्या दोन कागदांविषयी आहे.

२.
प्रथम, एता आणि हिनिन कोण? तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) समाजाच्या उतरंडीबाहेर ठेवलेले हे दोन प्रमुख समूह. मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे ही एतांची वंशपरंपरागत कामे. भीक मागून जगणारे, रस्त्यावर खेळ करणारे, तुरुंगाशी निगडित हलकी कामे करणारे ते हिनिन. ‘एता’ ज्या चित्राक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ ‘विपुल विटाळ’ आणि ‘हिनिन’ म्हणजे ‘माणूस नव्हे असा’. त्यांच्या वस्त्यांना पुढे ‘बुराकु’ आणि त्यांना ‘बुराकुमिन’ म्हटले जाऊ लागले. भाषा, धर्म, चेहरामोहरा यांपैकी कशानेही हे लोक इतर जपानी लोकांहून वेगळे नव्हते. वस्ती सोडून परगावी गेलेला माणूस केवळ पाहून ओळखता येत नसे. त्याला ओळखण्यासाठी कागद लागे.

३.
असा कागद तोकुगावा काळातही होता. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर प्रत्येक कुटुंबाला कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिराशी आपले नाते नोंदवावे लागे. आपण ख्रिस्ती नाही, याचा तो दाखला. अनेक ठिकाणी एतांची नोंद स्वतंत्र वहीत होत असे. सर्वसामान्यांची वही एक, यांची दुसरी. भेद कोणता हे लिहिण्याचीही गरज नव्हती; वही कोणती यावरूनच ते कळे.

४.
मेइजी सरकारला आधुनिक राज्य उभारायचे होते. त्यासाठी कर, सैनिक आणि शाळेत जाणारी मुले यांचा हिशेब हवा होता. म्हणून १८७१ मध्ये कुटुंबनोंदणीचा कायदा झाला आणि १८७२ पासून देशभर नोंदणी सुरू झाली. या नोंदवहीला ‘कोसेकी’ म्हणतात. नोंदीचे एकक व्यक्ती नव्हे, कुटुंब. वर कुटुंबप्रमुख आणि खाली त्याच्याशी असलेल्या नात्याच्या क्रमाने इतर सारे. १८७२ च्या त्या पहिल्या नोंदवहीत सुमारे ३ कोटी ३१ लाख लोक नोंदले गेले. आपण या वहीत आहोत म्हणजे आपण जपानी आहोत, हे समीकरण तेव्हापासून रुजत गेले.

५.
फर्मानाप्रमाणे पूर्वीच्या एतांची नोंद ‘हेइमिन’, म्हणजे सामान्यजन, अशी व्हायला हवी होती. बऱ्याच ठिकाणी तशी झालीही. पण अनेक गावांच्या दप्तरांत लिहिणाऱ्याने ‘पूर्वीचा एता’ किंवा ‘नवा सामान्यजन’ असे शब्द घातले. ‘नवा’ हे विशेषण वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु ज्याला ‘नवा’ म्हटले त्याचे जुनेपण काय, हे सर्वांना ठाऊक होते. जुन्या वहीतला भेद असा एका विशेषणाच्या आधाराने नव्या वहीत उतरला.

६.
वहीबाहेर काय घडत होते? फर्मानाने अपमानाची नावे गेली, तशी जनावरांच्या कातड्यावरील परंपरागत मक्तेदारीही गेली. बदल्यात जमीन वा भांडवल मिळाले नाही. शेजारच्या गावांना ही समता सोसवली नाही. १८७३ मध्ये आजच्या ओकायामा प्रांतातील मिमासाका भागात नव्या सरकारी धोरणांविरुद्ध दंगल उसळली. तिचा रोख या वस्त्यांकडेही वळला. शेकडो घरे जाळली वा उद्ध्वस्त केली गेली आणि १८ जण मारले गेले. कागदावरची बरोबरी जमिनीवर उतरवण्याची जबाबदारी कोणीही घेतलेली नव्हती.

७.
तरीही माझा मुख्य आक्षेप ‘पूर्वीचा एता’ या शेऱ्यावर नाही. नव्या नोंदवहीत तसे शेरे नाहीत. आजच्या कोसेकीत जातीचा रकाना नाही. आक्षेप दोन साध्या सोयींवर आहे. पहिली ‘होनसेकी’, म्हणजे कुटुंबाचे नोंदीतील मूळ ठिकाण. माणूस कुठेही राहो, हे ठिकाण त्याच्या नावाला चिकटून राहते. बदलले, तरी मागच्या नोंदींवरून माग काढता येतो. दुसरी सोय म्हणजे या नोंदी दीर्घकाळ सार्वजनिक होत्या. शुल्क भरून दुसऱ्याच्या कुटुंबाची नक्कल मिळवता येई. ठिकाणावरून वस्ती, वस्तीवरून वंश. लग्न ठरवताना वा नोकरीवर ठेवताना एवढे पुरे होते.

८.
या व्यवस्थेला पहिले संघटित उत्तर मिळाले ३ मार्च १९२२ रोजी. क्योटो येथे ‘सुइहेइशा’, म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणू पाहणारी संघटना, स्थापन झाली. तिचा जाहीरनामा साइको मानकिची यांनी लिहिला. या जाहीरनाम्याने ‘एता’ हा शब्द लपवला नाही. तो अभिमानाने स्वतःकडे घेतला आणि इतरांच्या दयेवर चालणाऱ्या सुधारणेला नकार दिला. सरकारने पन्नास वर्षांपूर्वी रद्द केलेले नाव या लोकांनी स्वतः उच्चारले, कारण रद्द झाल्यानंतरही ते त्यांच्यामागे कुजबुजले जातच होते.

९.
ती कुजबुज न्यायालयापर्यंत कशी पोहोचत असे, याचे उदाहरण १९३३ चे ताकामात्सु प्रकरण. बुराकु वस्तीतील दोन भावांनी आपले मूळ न सांगता एका तरुणीला लग्नाच्या हेतूने घरी आणले, म्हणून त्यांना अपहरणाच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले. फर्मानाने जो दर्जा १८७१ मध्येच नाहीसा केला, तो ‘सांगितला नाही’ हा गुन्हा कसा ठरतो? सुइहेइशाने याच प्रश्नावर देशभर आंदोलन उभे केले. कायद्यात नसलेली ओळख न्यायालयाने ग्राह्य धरली होती.

१०.
१९४७ च्या संविधानाच्या १४ व्या कलमाने सामाजिक दर्जा व कुळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. नोंदवही मात्र चालूच राहिली. १८७२ च्या त्या पहिल्या नोंदवह्या तर १९६८ पर्यंत पाहायला मिळत. त्यांचा वापर वंश शोधण्यासाठी होतो हे उघड झाल्यावर त्या मोहोरबंद करण्यात आल्या. १९७५ मध्ये बुराकु वस्त्यांच्या ठावठिकाणांची एक छापील यादी गुप्तपणे विकली जात असल्याचे बाहेर आले. ग्राहक होत्या २०० हून अधिक कंपन्या. उमेदवार कुठला हे त्यांना तपासायचे होते. १९७६ मध्ये दुसऱ्याची कोसेकी मिळवण्यावर निर्बंध आले आणि नोंदी सार्वजनिक असण्याचे तत्त्व २००७ च्या दुरुस्तीने सोडून देण्यात आले. फर्मानापासून मोजा : १३६ वर्षे.

११.
यावर कोणी म्हणेल, भेदभाव माणसे करतात; वहीचा काय दोष? मग वहीने थेट माणसांचे भवितव्य ठरवल्याचे दुसरे उदाहरण पाहू. १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आला. कोरियन लोक सम्राटाचे प्रजाजन ठरले, पण त्यांची कुटुंबनोंदणी वेगळी ठेवली गेली आणि ती जपानच्या मुख्य भूमीत हलवण्यास मनाई होती. १९४७ मध्ये नवे संविधान लागू होण्याच्या आदल्याच दिवशी, २ मे रोजी, परकीय नोंदणीचा हुकूम आला आणि त्यासाठी या लोकांना परके मानण्यात आले. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्को करार अमलात येताच त्यांचे जपानी नागरिकत्व संपले. त्यांना निवड विचारली गेली नाही.

१२.
निकष कोणता होता? जन्मस्थान नाही, भाषा नाही, वास्तव्य नाही. नाव कोणत्या वहीत आहे, एवढेच. कोरियन पुरुषाशी लग्न करून त्याच्या नोंदवहीत गेलेल्या जपानी स्त्रीनेही नागरिकत्व गमावले. जपानी पुरुषाशी लग्न करून त्याच्या नोंदवहीत आलेली कोरियन स्त्री जपानी राहिली. सुमारे सहा लाख कोरियन लोक तेव्हा जपानमध्ये राहत होते. यानंतर परकीय म्हणून त्यांना बोटांचे ठसे द्यावे लागू लागले; १९८० च्या दशकात अनेकांनी ते देण्यास उघड नकार दिला. स्थायी रहिवाशांची त्यातून सुटका १९९३ मध्ये झाली.

१३.
होक्काइदोच्या ऐनू लोकांची कथा तिसऱ्या वळणाची. त्यांनाही १८७० च्या दशकात कोसेकीत सामान्यजन म्हणून घेतले, जपानी धर्तीची नावे लावली. आणि १८७८ मध्ये वसाहत खात्याने ठरवले, की सरकारी कामकाजात त्यांना ‘पूर्वीचे आदिवासी’ म्हणावे. १८९९ चा त्यांच्या ‘संरक्षणा’चा कायदा याच नावाने झाला आणि १९९७ पर्यंत टिकला. मूलनिवासी म्हणून कायद्यात उल्लेख यायला २०१९ उजाडले. ‘नवा सामान्यजन’, ‘पूर्वीचा आदिवासी’ : समावेश करतानाही शासनाने वेगळेपणाची खूण हाताशी ठेवली.

१४.
मग उपाय काय? सारी नोंद पुसून टाकावी? जपानमध्ये असे मानणारा मोठा वर्ग आहे. त्यांचे ब्रीदच आहे : झोपलेल्या मुलाला जागे करू नका. बोलू नका, शिकवू नका, काळाबरोबर सारे विसरले जाईल. मला हा युक्तिवाद पटत नाही. १९७५ ची यादी विकत घेणारे कोणीही झोपलेले नव्हते. मौनाने पीडितांचा इतिहास पुसला जातो, शोध घेणाऱ्यांचे कुतूहल नाही.

१५.
दुसरे असे, की अन्याय दूर करायचा तरी तो कुठे झाला हे माहीत हवे. १९६९ ते २००२ या काळात जपानने या वस्त्यांतील घरे, रस्ते, शिक्षण यांवर विशेष कायद्यांखाली सुमारे १५ लाख कोटी येन खर्च केले. त्यासाठी वस्त्या निश्चित कराव्याच लागल्या. १९९३ च्या सरकारी पाहणीत अशा ४,४४२ वस्त्या आणि त्यांत मूळचे सुमारे ८ लाख ९२ हजार लोक नोंदले गेले. शेकडो वस्त्यांनी आपली नोंद या योजनेत होऊच दिली नाही, हेही तितकेच खरे. मदत हवी तर नाव सांगा, सुरक्षितता हवी तर लपवा. ही कोंडी त्या लोकांनी निर्माण केलेली नव्हती.

१६.
या कोंडीचा अलीकडचा अध्याय न्यायालयात लिहिला गेला. १९३६ मध्ये सुधारणेच्याच हेतूने तयार झालेले एक सर्वेक्षण होते. त्यात पाच हजारांहून अधिक वस्त्यांची माहिती होती. २०१६ मध्ये ते पुन्हा छापण्याचा व महाजालावर टाकण्याचा प्रकार घडला. प्रकरण न्यायालयात गेले. २०२१ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने प्रश्न मुख्यतः खासगीपणाचा मानला. त्यामुळे ज्यांनी आपले मूळ स्वतः जाहीर केले होते, त्यांचा दावा दुबळा ठरला. २०२३ मध्ये टोकियो उच्च न्यायालय पुढे गेले : भेदभावाविना जगणे हेच संरक्षणास पात्र हित आहे.

१७.
मला हा निकाल १८७१ च्या फर्मानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खासगीपणाच्या तर्कानुसार जो लपतो त्याचेच रक्षण होते. साइको मानकिचींसारखा जो मान वर करून बोलतो, तो उघड्यावर पडतो. उच्च न्यायालयाच्या तर्कानुसार दोघांचेही रक्षण होते. आपली ओळख सांगावी की न सांगावी, हे ठरवण्याचा अधिकार ज्याची ओळख त्याच्याकडे येतो.

१८.
हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने ‘वंशावळीवरून भेदभाव’ या संज्ञेत जात आणि तत्सम जन्माधिष्ठित व्यवस्था येतात, असा अर्थ लावला. त्यामुळे दलित आणि बुराकुमिन हे दोन्ही प्रश्न एका सूत्रात आले. हा अर्थ मान्य नसणाऱ्या सरकारांत जपान आणि भारत ही दोन्ही आहेत.

१९.
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘अमुक साली अमुक प्रथा कायद्याने रद्द झाली’ हे वाक्य वाचले, की तिथे थांबू नये. त्यानंतर नोंदी कोणी लिहिल्या, त्या कुठे ठेवल्या, कोणाला पाहता आल्या आणि ज्यांच्याविषयी त्या होत्या त्यांना त्यावर काही बोलता आले का, हे चार प्रश्न विचारावेत. जपानमध्ये पहिल्या तीन प्रश्नांना दीड शतकात थोडीफार उत्तरे मिळाली. चौथ्याचे उत्तर आत्ता कुठे मिळू लागले आहे.

(धागा समाप्त. सहमती-असहमती खाली अवश्य नोंदवा.)