शेवटचा कोण?

आमच्या फ्लॅटचा नियम साधा होता. दारामागे व्हाइटबोर्ड, त्यावर घरात किती जण आहेत तो आकडा. आत आलात, एक वाढवा. बाहेर पडलात, एक कमी करा. शून्य करेल त्यानं लाईट आणि कूलर बंद करायचा. नागपूरचा मे महिना, कूलरशिवाय जगणार कोण?

शनिवारी सकाळी मी आणि रूममेट एकदमच निघालो. मी बोर्डावर बघितलं, २. त्यानंही तेव्हाच बघितलं, २. मी शूज घालून १ लिहिला. त्यानं मागून येऊन, मनातलं गणित करून, पुन्हा १ च लिहिला. रविवारी रात्री परतलो तर पाणी संपून कूलरचा पंप जळालेला!

रूममेट सी प्लस प्लसवाला. चिडायच्या ऐवजी खूश! ‘अबे, हा तर स्मार्ट पॉइंटर झाला ना बे!’

भानगड अशी. प्रोग्राममधला एकच डेटा अनेक जण वापरतात. किती जण वापरताहेत ते मोजायचं आणि शून्य झालं की मेमरी मोकळी करायची. ही आयडिया जॉर्ज कॉलिन्सनं १९६० मध्ये मांडली. सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये ती २०११ साली ‘शेअर्ड पॉइंटर’ म्हणून आली.

पण प्रोग्रामचे अनेक थ्रेड एकाच वेळी पळत असतील तर? आकडा वाचा, एक वजा करा, परत लिहा, या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा घुसतो. मग मेमरी कधीच सुटत नाही, म्हणजे आमचा कूलर. उलट दोघं एकदम आत आले आणि आकडा एकानंच वाढला, तर कुणीतरी आत असतानाच लाईट जाते. प्रोग्राम क्रॅश!

उपाय म्हणजे ‘अॅटॉमिक’ मोजणी. तिन्ही पायऱ्या एका दमात, मध्ये कुणी नाही. याची हमी प्रोसेसर देतो. आणि वजा करतानाच किती उरले ते कळायला हवं. पुन्हा बोर्ड बघायला गेलात की पुन्हा तोच गोंधळ. याला वेळ जरा जास्त लागतो, म्हणून रस्ट भाषेत दोन प्रकार आहेत: एका थ्रेडपुरता ‘आरसी’ आणि अनेक थ्रेडसाठी ‘आर्क’.

एक मात्र लक्षात ठेवा, बॉस. सेफ होतो तो फक्त आकडा. आतल्या डेटावर दोघांनी एकदम हात मारला तर त्याची सोय वेगळी करावी लागते.

आता आमच्याकडे पेन एकच, दोरीला बांधलेलं. पेन हातात आल्यावरच आकडा बघायचा.

आणि पंपाचे पैसे? दोघंही अजून एकच सांगतोय, ‘शेवटचा मी नव्हतो.’ बोर्ड बघाल तर दोघंही खरं बोलतोय!