स्वमग्न प्रौढ आणि पैशाचा व्यवहार

स्वमग्न व्यक्तीला अठरावे वर्ष पूर्ण झाले की कायद्याने ती स्वतःच्या पैशाची धनी होते. प्रत्यक्षात तोवर आई-वडील तिच्या वतीने सही करत आलेले असतात आणि पुढेही तेच करतील, असे घर, बँक आणि पुष्कळदा विशेष शिक्षकही धरून चालतात. हा समज कायद्याला धरून नाही आणि त्या व्यक्तीच्या हिताचाही नाही. पैसे हाताळणे शिकवता येते, लागेल तेवढाच आधार देता येतो, आणि अधिकार काढून घेणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. विशेष शिक्षक, समुपदेशक आणि पुनर्वसन कार्यकर्त्यांनी कामाचा क्रम याच दिशेने लावायला हवा.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. करार करताना व्यक्तीला तो समजतो का आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे तिला ठरवता येते का, एवढेच हा कायदा पाहतो. निदानाचे नाव त्यात निर्णायक नाही. एखाद्या तरुणाला बचत खाते नीट चालवता येईल आणि कर्जाला जामीन राहणे म्हणजे काय हे मात्र उमगणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे तेरावे कलम आणखी स्पष्ट आहे. मालमत्ता बाळगणे, वारसाहक्काने मिळवणे, आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळणे आणि बँकेचे कर्ज मिळणे हे हक्क दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने आहेत. आधार देणाऱ्याने दबाव आणायचा नाही आणि ज्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष असेल त्यातून बाजूला व्हायचे, असेही हे कलम सांगते.

नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीने आधी पालकाची गरज आहे का आणि असल्यास कोणत्या कामांपुरती, हे पाहायचे असते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. पैशाचा अपहार किंवा हेळसांड झाल्यास पालक बदलता येतो. ही बाजू कुटुंबांना सांगितली जात नाही. अर्ज मात्र ‘असू द्या, पुढे लागेल’ म्हणून भरून दिला जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील नामनिर्देशित प्रतिनिधीचा संबंध उपचारांशी आहे, पैशाशी नाही. ही गल्लतही टाळायला हवी.

पैसे हाताळण्यातली अडचण बहुधा आकडेमोडीत नसते. क्रम लावणे, वेळेचा अंदाज, अचानक झालेला बदल आणि दुसऱ्याच्या मनातला हेतू ओळखणे इथे गाडी अडते. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, वर्णन प्रसिद्ध केले. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपीत आपल्या गावच्या बँकेतच अनेक दशके नोकरीला होता. त्याच्यामागे पैसेवाले घर आणि ओळखीचे गाव होते. महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तरुणाला ती श्रीमंती लाभणार नाही, पण ओळखीचे गाव आणि शिकवणारा माणूस मिळू शकतो.

सुरुवात कागदपत्रांपासून होते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिला गेला. आज अनुदान, शिधा आणि बँक खाते या सगळ्यांची वाट त्याच क्रमांकावरून जाते. म्हणून आधार, दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे ना, हे सगळ्यात आधी तपासावे. खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे, हा दुसरा प्रश्न. तो थोरल्या भावाचा असेल आणि भाऊ ऊसतोडीसाठी गुजरातेत गेला, तर ओटीपीही त्याच्याबरोबर जातो. मग घरी राहिलेल्याला स्वतःच्या खात्यात किती रक्कम आहे तेही कळत नाही. मोबाइल नंबर शक्यतो त्या व्यक्तीचाच असावा.

किमान शिल्लक ठेवावी लागत नाही असे मूलभूत बचत खाते पुरेसे असते. शाखेतला गोंगाट, रांग आणि ‘उद्या या’ हे उत्तर स्वमग्न व्यक्तीला असह्य होऊ शकते. निवृत्तिवेतनाच्या गर्दीचे पहिले दिवस टाळून आधी एकदा नुसती शाखा पाहून यावी. काउंटर, टोकन आणि स्लिप यांचे फोटो क्रमाने लावलेली पट्टी सोबत द्यावी. सही दर वेळी वेगळी पडत असेल तर ती परत करून माणसाला घरी पाठवू नये. अंगठा किंवा बायोमेट्रिक ओळख चालेल का, हे शाखाधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

शिकवताना नोटा खऱ्या असाव्यात. प्लास्टिकच्या नाण्यांवर शिकलेले बाजारात उपयोगी पडेलच असे नाही. धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात विक्रेता ‘वीसला पाव’ म्हणतो, तेव्हा पाव म्हणजे पाव किलो हे बोलले जात नाही. ‘शेवटचा भाव’ सांगितला की स्वमग्न गिऱ्हाईक तो शेवटचाच मानते. ‘राहू द्या, नंतर बघू’ म्हटल्यावर पैसे द्यायचे की नाही, हे त्याला कळत नाही. अशा वेळी ठरलेले वाक्य हाताशी हवे: ‘पाव किलोचे किती रुपये?’ पहिल्या आठवड्यात एकाच दुकानातून एकच वस्तू आणावी आणि उरलेले पैसे मोजून वहीत लिहावेत. ते जमले की वस्तू वाढवाव्यात. महिन्याच्या पैशांचे घर, प्रवास आणि आवड असे तीन बटवे करावेत. आवडीचा बटवा बंद करू नये. आवडीच्या विषयावर खर्च करणे हा त्या व्यक्तीचा हक्क आहे. मर्यादा तेवढी आधी ठरलेली असावी.

मोबाइलवरचा व्यवहार पायरीपायरीने द्यावा. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये घरच्या माणसाच्या खात्यातून, त्याने घातलेल्या मर्यादेत किंवा दर वेळी त्याची मंजुरी घेऊन पैसे देता येतात. सरावासाठी ही सोय चांगली आहे, पण ती स्वतःच्या खात्याची जागा घेऊ शकत नाही. फसवणुकीबाबत ‘सावध राहा’ हे शब्द निरुपयोगी आहेत. नियम नेमका हवा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस आहे म्हणाला तरी नाही. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पासबुक आणि एटीएम कार्ड मित्रालाही वापरायला द्यायचे नाही, कारण उसन्या खात्यातून दुसऱ्याचा चोरीचा पैसा फिरवला जातो. फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० वर फोन करायचा. हे नियम त्या व्यक्तीच्या भाषेत, म्हणजे पावरी, मावची, अहिराणी जी असेल तीत, चित्रांसह फोनच्या मागे चिकटवावेत.

उत्पन्नाच्या बाजूला संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठी तिची रक्कम २०२५ मध्ये महिना अडीच हजार रुपये करण्यात आली. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याचा विचार आहे. आश्रमशाळेतल्या शिक्षकांसारख्या पालकांनी अशा अपत्याचे नाव हयातीतच सेवा नोंदीत घालून घ्यावे.

सर्वांत मोठी संपत्ती बहुधा शेतजमीन असते आणि गमावण्याचा धोकाही तिथेच असतो. बाप गेल्यावर वारस नोंदीत स्वमग्न भावाचे नाव गाळले जाते किंवा हक्कसोडीवर त्याचा अंगठा घेतला जातो. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर महसूल संहितेचे निर्बंध आहेत, पण घरातल्या घरात होणाऱ्या या व्यवहाराला ते पुरे पडत नाहीत. वनहक्काचा पट्टाही वारसाने मिळतो, तेव्हा त्यातही नाव लागले पाहिजे. हक्कसोड मागणारा भाऊच आधार देणारा असेल, तर तेराव्या कलमाप्रमाणे त्याने बाजूला व्हावे. जमिनीच्या व्यवहाराचा अर्थ समजावणारा तिसरा, निःस्वार्थी माणूस त्या वेळी हजर असावा.

म्हणून वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून पैशाची उद्दिष्टे लिहावीत: नोट ओळखणे, उरलेले पैसे मोजणे, पासबुक वाचणे, ‘नाही’ म्हणणे. अठराव्या वर्षी खाते, मोबाइल नंबर आणि यूडीआयडी कार्ड यांची पडताळणी व्हावी. आधार कोण, कोणत्या कामात आणि किती देईल, हे एका पानावर लिहून दरवर्षी त्या व्यक्तीसमोर वाचावे. पालकत्वाचा अर्ज या सगळ्यानंतरही जे काम तिला जमणार नाही तेवढ्यापुरताच करावा.