तारे का देत नाही



बोरिवलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आपले सदर आम्ही नेमाने वाचतो. परंतु आपण चांगल्या उपाहारगृहाचे नाव देता, वाईटाचे देत नाही आणि तारे तर कोणालाच देत नाही. आमची मुले मोबाईलवर साडेचार तारे दिसले की निघतात. आपण बँकेत होता ना? मग हिशेब ठेवायचा तर पुरता ठेवावा." शेवटचे वाक्य मला लागले. म्हणून या महिन्यात कोणत्याही एका उपाहारगृहाविषयी न लिहिता त्या पत्राचे उत्तर लिहीत आहे.

आरंभी, मी बाहेर जेवायला जातो तेव्हा काय पाहतो ते सांगतो. पदार्थाच्या चवीकडे मी बऱ्याच उशिरा वळतो. सर्वांत आधी पाहतो ते घड्याळ. आमच्या सौभाग्यवती काटेकोर चौविहार पाळतात. मी चातुर्मासात नियमाने आणि एरवी त्यांच्या धाकाने. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासात उलटून गेल्यावर. इकडे अंधेरी काय किंवा मुलुंड काय, बहुतेक मोठ्या उपाहारगृहांचे भटारखाने दुपारी साडेतीनच्या आसपास थंडावतात आणि सातला पुन्हा पेटतात. म्हणजे हिवाळ्यात चौविहार करणाऱ्या कुटुंबाची जेवणाची जी वेळ, नेमक्या त्याच वेळी आचारी झोपलेला असतो. दिवसभर उघडी असतात ती उडुपी उपाहारगृहे. पण तेथील इडली-डोशाचे पीठ आदल्या रात्री वाटून आंबवलेले असते आणि वासी न खाणाऱ्याला ते चालत नाही. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग गल्लीतील खाऊगल्लीला रंग चढतो तो दिवे लागल्यावर. ज्या मालकाने साडेपाचला ताजी भाजी-पोळी वाढण्याची तयारी ठेवली, त्याच्या नावापुढे मी माझ्या वहीत लगेच खूण करतो. आपल्या वस्तीत व्यवसाय करणाऱ्याला एवढा साधा हिशेब का सुचू नये, याचे मला नेहमी नवल वाटते. साडेपाच ते सात या वेळेत त्याच्या रिकाम्या टेबलांचे भाडे तर चालूच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे "जैन" हा शब्द. आजकाल मेनूकार्डावर "जैन उपलब्ध" असे छापलेले सर्रास दिसते आणि वेटर तर वाक्य पुरे होण्याआधीच "होईल ना काका" म्हणतो. पण त्याच्या मनातील "जैन" म्हणजे कांदा, लसूण व बटाटा वगळणे, एवढेच. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालण्याची युक्ती उपनगरात सर्वांना ठाऊक आहे आणि ती उत्तम साधते. परंतु ग्रेव्हीतील ओल्या आल्याचे काय? सुंठ चालते, आले चालत नाही, हे सांगितले की समोरचा माणूस आपण थट्टा करतो आहोत असे समजतो. पुलावातील गाजराचा तुकडा तर हमखास विसरला जातो. द्विदलाचा विचार मी आजवर फारच थोड्या ठिकाणी पाहिला. न तापवलेले दही आणि उडदाचा वडा एकत्र करून "जैन दहीवडा" म्हणून मला आनंदाने वाढण्यात आले आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो, तो पदार्थ शाकाहारी आहे एवढे सांगतो. कंदमुळाविषयी तो काहीही सांगत नाही.

नातवंडांबरोबर जावे तर प्रश्न आणखी वेगळे. चीज कोणत्या रेनेटने जमवले? काही विलायती चीज आजही वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने बनतात, काही सूक्ष्मजीवांपासूनच्या. थाई करीच्या तयार वाटणात बहुधा कोळंबी असते, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे, काही मिठायांत व पुडिंगांत जिलेटिन. या सर्वांचे शाकाहारी पर्याय बाजारात मिळतात, म्हणून मी वेटरशी वाद घालत नाही. "बाटली आणून दाखवा" म्हणतो. अंधेरीतील एका चकचकीत उपाहारगृहात व्यवस्थापकाने हसतमुखाने तीन बाटल्या व चीजचे वेष्टन टेबलावर आणून ठेवले. तिन्हींवर हिरवा ठिपका होता. सुनेला माझा संकोच वाटला असावा, नातू मात्र तेव्हापासून घरातील प्रत्येक डबा उलटा करून वाचतो.

तिसरी गोष्ट बिलाची. वाचक व्यापारी आहेत, त्यांना मी शिकवावे असे नाही. तरीही जेवण झाल्यावर बिल न वाचता कार्ड पुढे करणारे व्यापारी मी पाहिले आहेत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहात जीएसटी पाच टक्के आहे. जो कंपोझिशन योजनेत आहे त्याला तो बिलात वेगळा लावताच येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर असणे बंधनकारक आहे. सेवाशुल्क ऐच्छिक असते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ज्याचे बिल स्वच्छ त्याचा भटारखानाही बहुधा स्वच्छ, असा माझा अनुभव आहे. पण हा केवळ अनुभव.

आता तारे. उपाहारगृहांना तारे देण्याची विख्यात पद्धत एका टायर कंपनीची. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारचालकांसाठी एक पुस्तिका काढली. लोक दूरवर जेवायला जातील तर टायर झिजतील, असा सरळ व्यापारी विचार त्यामागे होता. १९२६ मध्ये त्यांनी तारे देण्यास आरंभ केला. त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात आणि आपले बिल आपण भरतात. आपल्याकडे २००८ साली दोन तरुणांनी दिल्लीत मेनूकार्डे जमवून संकेतस्थळावर घालण्यास सुरुवात केली, त्याचेच पुढे झोमॅटो झाले. आता तारे देण्याचा अधिकार प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. या दोन टोकांच्या मध्ये आमच्या पिढीची एक आठवण आहे. संध्याकाळच्या लोकलमध्ये दुपारचे वर्तमानपत्र उघडून आम्ही बेहराम कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे "बिझीबी", यांचे लेखन वाचत असू. उपाहारगृहांवरही ते लिहीत. त्यांनी कोणाला किती तारे दिले हे मला आठवत नाही. वाचून भूक लागे, एवढे आठवते.

मोबाईलवरील ताऱ्यांविषयी माझी तक्रार एवढीच की ते ज्यांनी दिले त्यांनी कांदा खाल्लेला असतो. चारशे माणसांचे साडेचार तारे आमच्या ताटाविषयी काहीच सांगत नाहीत. पण मी तारे न देण्याचे आणि वाईटाचे नाव न छापण्याचे खरे कारण हे नव्हे. ते कारण मी या सदरात आजवर पुरते सांगितलेले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मुलुंड पश्चिमेला आम्ही उभयता एका नव्या, आठ टेबलांच्या उपाहारगृहात गेलो. तरुण पती-पत्नी ते चालवीत. तो गल्ल्यावर, ती भटारखान्यात. सूर्यास्ताला पाऊण तास होता. डाळ आणि भात मागवला. पहिल्या घासालाच सौभाग्यवतींनी चमचा खाली ठेवला. "लसूण आहे," त्या म्हणाल्या. मीही चव घेतली, मलाही तसेच वाटले. वेटरला विचारले, तो म्हणाला, "नाही काका, जैनच आहे." सर्वच वेटर असे म्हणतात, असा विचार करून मी बिल चुकते केले आणि उठलो. सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. त्यांचा तो कोरडा चेहरा पाहत मी सदर लिहिले. जैन म्हणून दिलेल्या डाळीत लसूण होता, असे उपाहारगृहाच्या नावानिशी लिहिले. भाषा चांगली धारदार झाली होती. चार जणांनी फोन करून कौतुकही केले.

अंक निघाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तो तरुण आमच्या दारात उभा राहिला. पत्ता त्याने मासिकाच्या कार्यालयातून मिळवला होता. मला वाटले भांडायला आला. त्याने पिशवीतून एक लहान डबी काढली आणि सौभाग्यवतींना म्हणाला, "काकू, तुमची परवानगी असेल तर चमचाभर तूप तापवू का?" डबीत खडा हिंग होता. बाजारात सामान्यतः मिळतो तो बांधानी हिंग, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. हा निर्भेळ, अफगाणिस्तानातून येणारा. तापलेल्या तुपात त्याने चिमूटभर टाकला. स्वयंपाकघर भरून गेले. सौभाग्यवती दाराशी उभ्या होत्या. "हाच तो वास," त्या हळूच म्हणाल्या. लसणाला जो उग्र गंध असतो तो गंधकयुक्त द्रव्यांचा, आणि हिंगातही त्याच जातीची द्रव्ये असतात, हे मी नंतर वाचले. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या स्वयंपाकात हिंगाला एवढा मान त्यामुळेच तर आहे. आयुष्यभर तो खाऊनही मला ते ठाऊक नव्हते.

मग त्याने महिन्याच्या भाजीच्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. त्यांत कोठेही लसूण नव्हता, कांदाही नव्हता. "काका, आमच्याकडे लसूण येतच नाही. पाटीवर लिहिले आहे ना." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिले. नावाच्या खाली, पांढऱ्या अक्षरांत, कांदा-लसूण वापरत नाही असे स्वच्छ लिहिलेले होते. आत शिरताना मी वर पाहिले नव्हते.

जाताना तो एवढेच म्हणाला, "उठण्याआधी एकदा मला विचारले असते तर."

पस्तीस वर्षे मी कर्जाचे प्रस्ताव तपासले. गोदामात जाऊन मालाची मोजणी केल्याशिवाय कोणाच्या साठापत्रकावर सही केली नाही; कर्ज नाकारायचे झाले तर कारण लेखी दिले, आणि त्याआधी माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकले. त्याच माणसाने एका वासावर एका दुकानाचा निकाल लावला. पुढच्या अंकात मी दिलगिरी छापली. चार ओळी, पानाच्या तळाशी. पहिला लेख ज्यांनी वाचला त्या सर्वांनी त्या चार ओळी वाचल्या नाहीत. मुलुंडच्या स्थानकाबाहेर महिनाभरानंतरही एका परिचितांनी मला "त्या लसूणवाल्याकडे जाऊ नका" असा सल्ला दिला. सात-आठ महिन्यांनी पाहिले तर तेथे मोबाईलच्या सामानाचे दुकान आले होते. नवे उपाहारगृह बंद पडण्याला अनेक कारणे असतात. भाडे, भांडवलाची ओढ, आचाऱ्याचे निघून जाणे, हे सारे मी कागदोपत्री शेकडो वेळा पाहिले आहे. माझ्या लेखाचा त्यात किती वाटा होता हे मला मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून तो शून्य धरण्याची सोयही मला नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील न्यासापहार, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे, मला बँकेतल्या नोकरीमुळे परिचित होता. त्यापासून दूर राहिलो याचा मला थोडा अभिमानही होता. त्याच सूत्रात कूटलेखक्रिया आहे, खोटे लिहिणे. तो शब्द बनावट दस्तऐवज करणाऱ्यांसाठी आहे असे मी समजत होतो.

तेव्हापासून नियम असा केला आहे. एकदा जाऊन वाईट वाटले तर दुसऱ्यांदा, वेगळ्या वारी, जातो. शंका असेल तर जागीच मालकाला विचारतो. लिहिण्याआधी त्याला पत्र देतो. घाटकोपरच्या एका उपाहारगृहात पुलावात दोन वेळा गाजर आले; मालकाने पत्र मिळताच जैन पदार्थांसाठी वेगळी पातेली आणि वेगळा तवा ठेवला, तिसऱ्या वेळी आमचा पुलाव निर्दोष होता. नाव छापले असते तर गाजर गेले असते की गिऱ्हाइके, कोण जाणे.

या नियमाची किंमत वाचक मोजतात, हेही मला मान्य आहे. अंधेरीच्या एका मालकाने माझे पत्र वाचून "काका, एवढे कोण बघतो?" असे म्हणून हात झटकले. त्याचे नाव मी छापलेले नाही. पण मासिकाच्या कार्यालयातून निरोप आला तर, कोणत्या दिवशी काय मागवले आणि ताटात काय आले, हे मी वही उघडून जसेच्या तसे वाचून दाखवतो. माझे मत त्यात मिसळत नाही. बोरिवलीच्या भगिनींना हे अपुरे वाटेल. मलाही काही दिवस वाटते.

त्यांनी पत्राच्या शेवटी आपल्या घराजवळच्या एका थाळीगृहाचे नाव सुचवले आहे. तेथे उंधियू कंदाशिवाय करतात म्हणे. जानेवारीच्या मध्यास सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास आहे. आम्ही पाच वाजता पोहोचू, आणि यावेळी आत शिरण्याआधी पाटी वाचू.