राखीव दलाचा प्रश्न

कागल सोडून निपाणीच्या वाटेला लागले की दूधगंगेच्या पुलापलीकडे कोगनोळी येते, आणि तेथे दुसऱ्या राज्याचा अंमल सुरू होतो. १९ डिसेंबर २०२२ रोजी सीमाप्रश्नावरील मोर्चा याच वाटेवर अडविण्यात आला. अशा दिवशी ठाण्यातला ओळखीचा हवालदार कोणता आणि गाडीतून उतरून रस्त्यावर रांग धरणारा राखीव दलाचा जवान कोणता, हे कागलकरांना सांगावे लागत नाही. हवालदाराला लोक नावाने हाक मारतात. जवानाला गाव नसते, नावही नसते; तो ‘एस. आर. पी.’ असतो.

या दलाची उभारणी १९४८ मधली. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले, दंगे आणि फाळणीची धग विझलेली नाही, अशा वेळी जिल्हा पोलिसांच्या पाठीशी एखादे सशस्त्र दल असावे, या विचाराने तत्कालीन मुंबई राज्याने ते उभे केले आणि १९५१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुणे, दौंड, जालना, नागपूर, धुळे, अमरावती, सोलापूर अशा ठिकाणी त्याचे गट आहेत. कोल्हापूरलाही एक गट आहे. गटावर समादेशक, त्याखाली कंपन्या, कंपनीखाली तुकड्या, ही रचना लष्करी वळणाची. मात्र हुकूम गृहखात्याचा. गुन्ह्याचा तपास, पंचनामा, समन्स ही कामे या दलाची नव्हेत. ती ठाण्याची. ठाणे अपुरे पडले तरच राखीव दलाने यावे, असा मूळ संकेत आहे.

जगात सर्वत्र असे नाही. फ्रान्सने १७९१ मध्ये ‘जांदार्मेरी’ या नावाने ज्या दलाची पुनर्रचना केली, ते सैन्याचाच भाग होते, आणि तरीही खेड्यापाड्यांतले पोलिसी काम तेच करीत आले. पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती १९६० च्या सुमारास स्वतंत्र झाल्या तेव्हा सेनेगलसारख्या देशांनी हीच चौकट स्वीकारली: गावोगावच्या चौक्या सांभाळणारी एक शाखा, दंगलीच्या जागी धावून जाणारी दुसरी फिरती शाखा, आणि दोहोंवर संरक्षण खाते. एकाच गणवेशात शिपाई आणि सैनिक. या पद्धतीचे गुण आहेतच; दूरच्या मुलखात दुसरे कोणी पोहोचत नाही तेथे हे दल पोहोचते.

परंतु सेनेगलच्या कुशीतल्या चिमुकल्या गांबियाची कहाणी आपण नीट वाचावी. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने सैन्य ठेवलेच नव्हते. सशस्त्र पोलिसांचे एक लहानसे दल, एवढाच त्याचा बंदोबस्त. १९८१ मध्ये त्याच दलातले काही लोक बंडात सामील झाले आणि ते मोडण्यासाठी सेनेगलचे सैन्य बोलवावे लागले. पुढे सेनेगलच्या धर्तीवर जांदार्मेरी उभारण्यात आली. १९८४ मध्ये तिच्यात भरती झालेला याह्या जामेह हा तरुण नंतर सैन्यात अधिकारी झाला, आणि जुलै १९९४ मध्ये त्यानेच सत्ता बळकावली. ती २०१७ पर्यंत सुटली नाही. जुन्या शस्त्रधाऱ्यांवर उतारा म्हणून नवे शस्त्रधारी आणले गेले, आणि दुखणे होते तिथेच राहिले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. १९७३ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलिसांनी बंड केले, लष्कर आणावे लागले, आणि त्या धक्क्यात तेथील मंत्रिमंडळ गेले. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले, तेव्हाही लष्कर बोलवावे लागले. आणि त्याआधी, आपल्याच करवीर संस्थानात? १८४४ मध्ये गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविण्याचा घाट घातला गेला, आणि सामानगड व भुदरगडाचे दरवाजे आतून बंद झाले. गडकरी म्हणजे त्या काळचे राखीव दलच. त्यांची तक्रार पोटाची होती. ती बंड ठरली, कारण ती ऐकून घेणारी जागाच नव्हती.

आजच्या जवानाला तरी ती कोठे आहे? मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील शिक्षक आणि कारकून संपावर गेले. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण त्यात असतील. जवानाला ते करता येत नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर बंधने घातली आहेत. शस्त्र हाती असणाऱ्याला संपाचा अधिकार नसावा हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना वर दिलेली उदाहरणे तेच सांगतात. पण ज्याला बोलण्याची बंदी केली त्याचे म्हणणे न बोलता समजून घेण्याची जबाबदारी सरकारवर दुपटीने येते, ही दुसरी बाजू मंत्रालयात क्वचितच आठवते. निवडणूक, गणेशोत्सव, मोर्चा, गडचिरोली: बंदोबस्त संपतो तो दुसऱ्या बंदोबस्ताला निघण्यासाठीच. मुक्काम शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात. मुलांची शाळा गटाच्या गावी, आईबाप मूळ गावी, आणि हा तिसरीकडे. राखीव म्हणून ठेवलेले माणूसबळ रोजच्या वापरात आले की ठाण्यांतील रिक्त जागा भरण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

तेव्हा गृहखात्याने एवढे तरी करावे. प्रत्येक गटाची प्रत्येक कंपनी वर्षातून किती दिवस मुख्यालयाबाहेर होती, किती जवानांची हक्काची रजा नाकारली गेली आणि किती कुटुंबांना निवासस्थान मिळालेले नाही, याचा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा. आणि पोलीस ठाण्यांतील रिक्त जागांचा आकडा त्याच तक्त्यात शेजारी छापावा.