हलक्या वजनाचे मोल

१२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत राहुल आवारे या मराठी मल्लाने ५७ किलो वजनगटाचे सुवर्णपदक पटकावले. उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या मुहम्मद बिलालला १२-८ असे नमविल्यावर अंतिम लढतीत दुखापत सोसत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर १५-७ अशी मात केली. हे पदक त्याने दिवंगत गुरू, रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या चरणी अर्पण केले. बिराजदारांचे निधन २०११ मध्येच झाले होते. शिष्याने गुरुदक्षिणा दिली, ती सात वर्षांनी.

राहुल बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा. बालाघाटच्या डोंगररांगांतील हा मुलूख अवर्षणासाठी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकऱ्यांच्या तांड्यांसाठीच अधिक ओळखला जातो. वडील बाळासाहेब हे स्वतः मल्ल. त्यांनीच मुलाच्या अंगाला आखाड्याची माती लावली. पुढे पुण्यात बिराजदारांच्या आणि त्यांच्या पश्चात अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांच्या तालमीत ही साधना फळास आली. २००८ च्या पुण्यातील राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण आणि २०११ च्या आशियाई अजिंक्यपदात कांस्य मिळविल्यावर पुढचा मार्ग सुकर व्हावयास हवा होता.

प्रत्यक्षात वाट्याला आली ती प्रतीक्षा. एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल, हा ऑलिंपिकचा नियम. हलक्या गटात तर देशभर स्पर्धकांची दाटी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेला अमित कुमार गेला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला संदीप तोमर. पाटोद्याचा मल्ल मागेच राहिला. अशा वेळी आखाड्याकडे पाठ फिरविणे सोपे असते. राहुलने ते केले नाही, आणि गोल्ड कोस्टचे यश हे त्या चिकाटीचे फळ आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून कांस्यपदक मिळविले. पण ते ६१ किलो गटात. जागतिक स्पर्धेत दहा वजनगट असतात, ऑलिंपिकमध्ये सहाच. ५७ नंतर एकदम ६५. ६१ किलोच्या मल्लाने चार किलो उतरवावेत, नाहीतर चार किलो चढवून आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी झुंजावे. त्यातच २०१८ पासून वजन लढतीच्या दिवशीच सकाळी घेतले जाते. उपाशी राहून उतरविलेली शक्ती भरून काढण्यास रात्रही मिळत नाही. ऑलिंपिकचे दार राहुलसाठी उघडले नाही ते नाहीच. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार लाभला, राज्य शासनाने पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्त करून त्याचा उचित गौरव केला.

परंतु व्यक्तीचा गौरव झाला म्हणजे समाजाचे कर्तव्य संपत नाही. महाराष्ट्राची कुस्ती गदेभोवती फिरते आणि गदा मिळते ती भारदस्त मल्लाला. गावोगावच्या जत्रांत हलक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. लाखमोलाचा इनाम शेवटच्या मोठ्या जोडीसाठी राखलेला असतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेटचे, म्हणजे ५७ किलोचेच मल्ल होते. त्यांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. हलक्या वजनाच्या मल्लाचे मोल जाणणारा असा एखादा पारखी असला, तर केवढा इतिहास घडतो!

ती दृष्टी आज गावागावांत हवी. तालुक्याच्या तालमीत मातीसोबत मॅट असावी, बिनचूक वजनकाटा असावा, वजन उतरविण्याचे शास्त्र जाणणारा मार्गदर्शक असावा. जत्रेच्या पंचांनी इनामातील काही वाटा हलक्या गटांसाठी वेगळा काढावा. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावाने मनावर घेतले तर येत्या जत्रेपासूनच हे घडू शकते. पाटोद्यासारख्या गावांत आजही कुणी बाप पहाटे आपल्या मुलाला आखाड्यात उतरवीत असेल. त्या मुलाचे वजन किती, हे विचारण्याआधी त्याची जिद्द किती, हे समाजाने विचारावे.